चार सुरांचा डबा

जव्हारात मुकेश गुरुजींची ख्याती दोन गोष्टींसाठी होती. हायस्कुलात ते भूमिती शिकवत ही एक, आणि भूमितीच्या तासाला कॉर्डविषयी, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुडीविषयी, बोलत ही दुसरी. पोरं महाहुशार. प्रमेय पाठ झालेलं नसलं की मागच्या बाकावरून कोणीतरी भाबडा चेहरा करून विचारायचं, "गुरुजी, कॉर्ड म्हणजे नेमकं काय हो?" झालं! गुरुजींचा खडू हवेतच थांबायचा, डोळे चमकायचे आणि घंटा होईपर्यंत बिचारा त्रिकोण फळ्यावर दोन बाजूंनिशी ताटकळत राहायचा. पोरं आपल्याला खेळवतात हे गुरुजींना कळत नव्हतं असं थोडंच आहे? कळत होतं. पण एवढ्या आपुलकीनं विचारणारं जगात दुसरं होतं कोण!

घरी तर त्यांच्या बायकोनं, प्रगतीनं, नियमच करून टाकला होता. जेवताना कॉर्ड नाही. "भाजीत मीठ कमी आहे का तेवढं सांगा. बाकी तुमचे चार सूर हात धुतल्यावर," असं ती म्हणायची आणि हात धुवून होईस्तोवर झोपायला निघून जायची.

या सगळ्याला कारण एक डबा. गुरुजी लग्नसराईत खोडाळ्याच्या एका ऑर्केस्ट्रा पार्टीत कॅसिओ वाजवत. त्या पार्टीतला ढोलकीवाला गौतम एकदा ठाण्याहून कोणाचं तरी वापरलेलं मशीन घेऊन आला. जेवणाच्या डब्याएवढं. वर खुंट्या, लाल दिवे आणि चिंचोक्याएवढ्या पट्ट्या. "ह्याला ग्रूव्हबॉक्स म्हणतात," गौतम म्हणाला. ढोल त्यातच, झांजा त्यातच, आणि एक पट्टी दाबली की एकदम चार सूर. गुरुजींनी ती पट्टी दाबली आणि संपलाच कारभार. गौतमच्या हाती तो डबा परत कधी लागला नाही.

आता त्या आवाजाबद्दल सांगायलाच हवं, नाहीतर गुरुजी रागावतील. पेटीवर चार बोटं ठेवली तर एखादं मागंपुढं होतंच. एक सूर जरा आधी येतो, एक जरा दबून. डब्यात तसलं लाडाचं काम नाही. चारही सूर एकाच क्षणी, एकाच जोरानं, कवायतीला उभे राहिल्यासारखे. टँव! नव्या स्टीलच्या ताटासारखा चकचकीत, आणि खरं सांगायचं तर तेवढाच पोकळ. पण एक खुंटी फिरवली की तोच आवाज गोधडीतून आल्यासारखा घुसमटायचा आणि उलटी फिरवली की तोंडावरचा हात काढल्यासारखा उघडायचा. ह्या उघडण्यावर गुरुजी वेडे होते. खोट एकच होती. डब्याकडे सूर एकूण चारच. ते चौघंही कॉर्डच्या कामाला जुंपले की गाण्याची चाल वाजवायला कोणी उरायचंच नाही. भर हळदीत चाल अर्ध्यावर गडप व्हायची आणि मांडवात नुसतं टँव टँव उरायचं. एकदा नवऱ्याचा मामा स्टेजजवळ येऊन काळजीनं विचारून गेला, "मास्तर, जनरेटर बिघडला का?"

"मुकेशराव," गुरुजी त्या दिवशी परतीच्या एसटीत स्वतःलाच म्हणाले, "तुमची कला लोकांना जनरेटरसारखी वाटते. सांभाळा." स्वतःची खरडपट्टी काढायची वेळ आली की ते स्वतःला मुकेशराव म्हणत. अशी वेळ बऱ्याचदा येई.

हे झालं जव्हारचं. साखरशेताजवळच्या पाड्यावर, जिथं त्यांचं मूळ घर, तिथं ते गुरुजीही नव्हते आणि रावही नव्हते. फागूचा पोर मुकेश, एवढंच. कारण फागू म्हणजे फागू! पंचक्रोशीत तारपा वाजवावा तर त्यानं. भोपळ्याला खाली दोन नळ्या, पुढं ताडपानांचा कर्णा. एक नळी एकच सूर धरून बसते, दुसरीवर चाल फिरते, आणि फागू एकदा फुंकायला लागला की दम म्हणून तोडायचा नाही. गालात हवा साठवून नाकानं श्वास घ्यायचा, आणि सूर चालूच. मुकेशनं लहानपणी एकदा चोरून फुंकला होता. भोपळ्यातून म्हैस शिंकल्यासारखा आवाज निघाला. बा पोट धरून हसला, आणि मुकेशनं तारप्याला पुन्हा हात लावला नाही. त्यानंतर मुकेश शिकला, मास्तर झाला, कॅसिओ वाजवू लागला, पण त्याचं वाजवणं ऐकायला बा कधी आला नाही. मुकेशला याचं वाईट वाटायचं. चांगलंच वाईट वाटायचं.

त्या वर्षी पावसाळ्यात फागूला छातीनं धरलं. सुट्टीत मुकेश घरी गेला तर म्हातारा ओटीवर गोधडी पांघरून बसलेला, आणि चार पावलं चालला की धाप. जव्हारच्या डॉक्टरनं बजावून सांगितलं होतं, फुंकायचं नाही. आणि दिवाळीआधीची, वाघदेवाच्या पूजेची वाघबारस तर तोंडावर आलेली. वाघबारशीचा नाच दर वर्षी फागूच्या खळ्यात व्हायचा, फागूच्या तारप्यावर. पाड्यातले लोक विचार करून करून शेवटी चाचरत म्हणाले, टेकडीपलीकडच्या माघ्याला बोलवू या का?

माघ्या! फागूचा जन्माचा वैरी. वैर कशाचं, तर माघ्या एकदा खोडाळ्याच्या बाजारात चार लोकांसमोर म्हणाला होता की फागू मधूनच गुपचूप दम तोडतो. बस. त्या दिवसापासून दोघं एका पाणवठ्यावर पाणी पीत नव्हते.

"माझ्या खळ्यात माघ्या?" फागू ओरडायला गेला, पण खोकलाच आला. खोकला थांबल्यावर म्हणाला, "मना आधी जाळा, मंग नाचा त्याच्या मागं." आणि गोधडी डोक्यावरून घेऊन भिंतीकडे तोंड करून बसला. गोधडीतून त्याचे खांदे हलताना दिसत होते. ते खोकल्यानंच हलतात की आणखी कशानं, हे बघायची मुकेशला हिंमत झाली नाही.

आणि मग मुकेश बोलला. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. "बा, मी वाजवतो."

त्याची आई, रामी, चुलीपुढं होती. ती फुंकणी खाली ठेवून बघायला लागली. "तू? म्हैस शिंकवशील आन काय."

"तारपा नाही. डब्यात तारपा बनवतो. हुबेहूब. चार सूर आहेत आय त्यात!"

गोधडीतून नकार आला नाही. मुकेशनं तोच होकार धरला.

पहिला प्रयोग सपशेल फसला. मुकेशनं आपली लाडकी युक्ती लावली, एक पट्टी दाबायची आणि चार सूर एकदम. बोट वरच्या पट्टीवर गेलं की चौघं वर, खाली आलं की चौघं खाली. त्याला ते फार भारी वाटलं. गोधडीतून आवाज आला, "तो धरलेला सूर कुठं हिंडतो रं?"

मुकेशचं बोट थांबलं. खरंच की! तारप्यात एक सूर जागेवर बसून असतो आणि चाल त्याच्याभोवती फिरते. इथं तर चालीबरोबर बसलेलाही उठून चालू लागला होता, जसं पाहुणा निघाला की यजमानानंही घर सोडून त्याच्यासोबत जावं. ज्याच्या मांडीवर आपण वाढलो त्या आवाजातली एवढी गोष्ट आपल्या ध्यानात येऊ नये? आणि आपण जव्हारात व्याख्यानं झोडतो! "मुकेशराव, तुमच्या कॉर्डचं लोणचं घाला," तो स्वतःला म्हणाला, आणि कामाला लागला.

चौघांची फोड केली. एकाला खाली धरून बसवला, त्यानं हलायचंच नाही. दोघांना चालीवर लावलं, पण दोघं अगदी एकसारखे नाहीत. एकाला केसभर उतरवला. तसं करताच त्या दोघांत लाट उठू लागली, व्व, व्व, व्व, आणि स्टीलच्या ताटाची चकाकी गेली. चौथ्याला सूरच दिला नाही, नुसती फुंकेची खरखर दिली. आवाज धाडकन यायचा तो सावकाश फुगत येईल असा केला. खुंटी अर्ध्यावर ठेवली. आणि दाबलं.

फागू तंबाखू मळत होता. त्याचा अंगठा तळहातावर थांबला. म्हाताऱ्यानं मळायला पुन्हा सुरुवात केली ती जरा वेळानं. त्या थांबलेल्या अंगठ्यावर मुकेश पुढचे सगळे दिवस तरंगत होता.

वाघबारशीला ऊन उतरल्यावर लोक खळ्यात जमले. मुकेशनं बालवाडीचं टेबल आणलं, त्यावर रामीची धुतलेली चादर, चादरीवर डबा. आवाजासाठी शाळेचा प्रभातफेरीचा भोंगा आणला होता, खांद्याला पट्टा असलेला, सेलवर चालणारा. तो लाकडी खुंटाला टांगला आणि वायर जोडली. भोंग्यातून आवाज नाकातून आल्यासारखा निघायचा, अगदी ताडपानाच्या कर्ण्यासारखा, आणि हे आपल्याला सुचलं याचं मुकेशला किती कौतुक! सणाला आलेली प्रगती एवढंच म्हणाली, "भाषण करू नका."

माघ्या आला होता. सहज आलो म्हणाला. काखेत मात्र फडक्यात गुंडाळलेला तारपा होता. फागू दारात गोधडी पांघरून बसलेला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही, पण किती नीट पाहिलं नाही ते सगळ्यांना दिसलं.

मुकेशनं भाषण केलं. कॉर्ड म्हणजे काय, सूर म्हणजे काय, केसभर उतरवणं म्हणजे काय. लोक शांतपणे ऐकत होते, कारण मास्तर बोलतो तेव्हा ऐकायचं असतं. मग तो टेबलामागं स्टुलावर बसला आणि सुरू केलं.

काय आवाज लागला! खळ्याच्या कडेला बांधलेल्या बैलांनी मान वळवली. धरलेला सूर खाली गाईसारखा बसून राहिला आणि वर चाल फिरू लागली. समोर नाचाची रांग उभी होती, एकमेकांच्या कमरेला हात घालून. पुढच्या गड्याच्या हातात घुंगरांची काठी. मुकेश वाजवत राहिला. रांग उभी राहिली. मुकेशनं चाल बदलली. रांग आणखी लक्ष देऊन उभी राहिली. तो मान डोलवून दाखवू लागला, पायानं ठेका धरून दाखवू लागला, एका खुंटीनं आवाज असा काही उघडला की त्याच्याच अंगावर काटा आला. शेवटी घाम पुसून तो थांबला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पंधरा ऑगस्टला समूहगीत झाल्यावर वाजवतात तशा. आणि मुकेशनं उठून वाकून नमस्कार केला! अर्ध्या वाकलेल्या अवस्थेत त्याच्या लक्षात आलं की तारप्याला आजवर कोणीच टाळ्या वाजवलेल्या नाहीत.

"मास्तर," रांगेतली चिमी हळूच म्हणाली, "जायाचं कुठं?"

"म्हणजे?"

"तू बसलास ना. आमी कोनामागं जाव?"

अरे देवा! तारपा वाजवणारा खळ्यात चालत असतो. तो वळेल तशी रांग वळते, त्याच्याकडे कोणी पाठ करत नाही, तो गेला की रांग गेली. मुकेश जन्मल्यापासून हे बघत आला होता, त्या रांगेत नाचला होता, आणि त्यानं काय केलं, तर टेबल मांडलं. चादर घालून. तारप्याला स्टूल! असली चूक पाड्यातलं शेंबडं पोर करणार नाही. त्यासाठी मास्तरच लागतो.

माघ्यानं काखेतलं फडकं सोडायला घेतलं. सावकाश, एकेक गाठ. दारात फागूनं ते पाहिलं आणि मान खाली घातली. मुकेशला बापाची ती खाली गेलेली मान दिसली आणि त्यानं टेबलावरचा डबा उचलला.

"थांबा! चालतो मी! आय, काहीतरी दे बांधायला!"

रामी धावली. तिनं जुनं लुगडं आणलं आणि बाया पोर बांधतात तसा डबा मुकेशच्या पोटाशी बांधला. "फागूच्या पोराला पोर झालं एकदाचं!" कोणीतरी म्हणालं आणि खळं हसलं. बारक्यांनी तर लोळणच घेतली. भोंगा खांद्याला लटकवून, वायर गळ्याभोवती घेऊन मुकेश चालू लागला. पण ते चालणं! परीक्षेत कॉपी पकडायला फिरतात तसं तो सरळ गेला, कोपऱ्यात वळला, रांग त्याच्यामागं वळताना स्वतःलाच अडकली, आणि काळी नावाची पोरगी चिमीच्या अंगावर पडली. पायाकडे बघावं तर बोट चुके, बोटाकडे बघावं तर पाय चुके. "मुकेशराव," त्यानं दातओठ खात म्हटलं, "आज तुमचा बैल झाला."

तेवढ्यात त्याच्या शेजारी कोणीतरी येऊन उभं राहिलं. गोधडी टाकलेली. हातात तारपा.

"बा, डॉक्टर काय म्हणाला..."

"फुकत नाय मी," फागू धापत म्हणाला. "चालतो. तू बोटां बघ माझी."

त्यानं तारपा तोंडाला लावला, गुडघ्यात जरासा वाकला आणि निघाला. नळ्यांवर त्याची बोटं फिरू लागली. मुकेश बाजूनं चालत त्या बोटांकडे बघत होता. बाचं बोट उठलं की त्याचं बोट पट्टीवर. सुरुवातीला एक पाऊल मागं पडत होता. मग अर्धं. मग त्याला कळलं की बोट उठायच्या आधी बाचा खांदा जरा हलतो, आणि त्यानंतर काही मागं राहिलं नाही. पायाकडे त्यानं बघितलंच नाही. बा चालेल तसे त्याचे पाय चालत होते. मागं घुंगरांची काठी जमिनीवर आपटली, आणि रांग निघाली.

मुकेशला आनंद झाला होता. इतका की त्याला रडू येत होतं आणि हात मोकळा नसल्यामुळं नाक पुसता येत नव्हतं. बा आणि तो एकच चाल वाजवत होते. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. धरलेला सूर दोघांच्या खाली बसून होता, वरचे दोघं केसभर वेगळे, आणि त्या दोघांत ती लाट. फागू वळला की रांग वळली. चाल बदलली, पाय बदलले. माघ्यासुद्धा कधी रांगेत शिरला ते कोणी पाहिलं नाही. वैर असलं म्हणून काय, पाय थोडेच ऐकतात?

अंधारून आलं तेव्हा फागू थांबला आणि मटकन ओटीवर बसला. लोक घामाघूम होऊन त्याच्याभोवती गोळा झाले. "फागूबा, आजचा तारपा म्हणजे..." "दोन वर्षांत असा नव्हता वाजला!" सगळे फागूशीच बोलत होते. मुकेश शेजारी पोटाशी डबा बांधून उभा होता, चेहऱ्यावर नम्र हसू तयार ठेवून. कोणी त्याच्याकडे वळलं की म्हणायचं वाक्यही त्यानं जुळवून ठेवलं होतं. कोणी वळेना. ते हसू तसंच ठेवून त्याचे गाल दुखायला लागले.

मग माघ्या पुढं आला. गर्दी बाजूला झाली. तो फागूसमोर उकिडवा बसला आणि त्याच्या तोंडाकडे निरखून बघत म्हणाला, "फागू, खरं सांग. कोन वाजवत व्हता? तू का तुझा पोर?"

फागूनं तोंड उघडलं, पण बोलायलाही त्याच्यात दम उरला नव्हता. त्यानं नुसतं मुकेशकडे पाहिलं. आणि त्याचं मनगट धरलं.

कोन वाजवत व्हता! हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून मुकेशनं किती वर्षं काढली होती. मांडवात, स्टेजवर, भूमितीच्या तासाला. आणि आज तो विचारला होता कोणी, तर माघ्यानं, ज्याचे कान अख्ख्या तालुक्यात फागूखालोखाल. खुंटीपासून खरखरीपर्यंत सगळं उत्तर त्याच्या जिभेवर आलं. त्याला ते सांगायचं होतं हो. फार सांगायचं होतं.

"बा वाजवत होता," मुकेश म्हणाला. "माझ्या डब्याचे सेल तर पहिल्या फेरीतच गेले. नुसताच मिरवत होतो."

लुगड्याच्या घडीतून डब्याचा लाल दिवा चांगला लुकलुकत होता. रामीनं पुढं होऊन त्यावर पदर ओढला.

"मंग दम हाय तुझ्यात अजून," माघ्या म्हणाला. "मी बाजारात बोललो व्हतो ते सोड." आणि आपला तारपा फडक्यात बांधून तो उठला.

फागूला श्वास सापडायला वेळ लागला. सापडल्यावर तो मोठ्यानं, माघ्याला वाटेवर ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "बघ, मुकेश. डब्याबिगर झालं का नाय?"

"झालं, बा," मुकेश म्हणाला.

मनगट मात्र म्हाताऱ्यानं सोडलं नाही. माघ्या टेकडीआड गेला, लोक पांगले, प्रगतीनं चहा आणून ठेवला, तरी ते त्याच्या हातातच होतं.